बुधवारचा कप्पा

घड्याळमावशीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सात दहाला बेकरीच्या वरच्या मजल्यावरची आजी, सात पस्तीसला बंद पडलेल्या छापखान्याचे मालक, आठ वाजून पाच मिनिटांनी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघी बहिणी, साडेआठला चाळीतलं म्हातारं जोडपं, आणि नऊ वाजता मास्तर. नऊ म्हणजे नऊ. पुलाच्या तोंडाशी ती दिसली, की मुलांना शाळेत सोडायला निघालेले बाप मनगटाकडे बघून पायडल जोरात मारतात. "रेडिओ चुकेल, मावशी चुकायची नाही," हे बेकरीवाल्याचं वाक्य. तो ते रोज म्हणतो, आणि रोज स्वतःच हसतो.

तिच्या खांद्याला कापडी पिशवी असते आणि पिशवीत सात पेट्या. कंपासपेटीएवढी एकेक प्लास्टिकची पेटी, सोमवार ते रविवार सात कप्पे, प्रत्येक कप्प्यात मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडे सकाळ, पलीकडे संध्याकाळ. मावशी चालायला लागली की सातही पेट्यांतल्या गोळ्या खुळखुळतात. जिन्यातली पोरं तो आवाज ऐकून ओरडतात, "आली रे खुळखुळ्याची आजी!"

तेहतीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात आया होती. निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता बस आरामात. ती चार दिवस बसली. पाचव्या दिवशी सूनच म्हणाली, "आई, तुम्ही घरात बसलात की घर वॉर्डासारखं वाटतं हो. काल तुम्ही मी झोपेत असताना माझ्या उशीची खोळ बदललीत." मग घड्याळमावशी शोधून शोधून म्हातारी माणसं जमवायला लागली. कुणाची मुलं परगावी, कुणाची शेजारी असून परगावीच. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरायची, सगळ्यांच्या गोळ्या मांडायच्या आणि आठवडा भरायचा, हा तिचा नेम. त्या वेळी नातवंडांनी टेबलाला बोटसुद्धा लावायचं नाही.

तिचे नियम दोन.

पहिला नियम असा, की गोळी पाकिटातून काढूनच पेटीत घालायची आणि रिकामी पाकिटं सोमवारच्या कचऱ्यात द्यायची. वॉर्डात एकदा एका आजोबांनी कात्रीने कापलेला पाकिटाचा तुकडा गोळीसकट गिळला होता. कोपरे ब्लेडसारखे. त्यांच्या घशातून आलेलं रक्त तिने स्वतः पुसलं. त्या दिवसापासून तो चमचमता कागद तिला डोळ्यांसमोर नको.

दुसरा नियम, पेटी म्हाताऱ्यांच्या ताब्यात ठेवायची नाही. तो मास्तरांमुळे आला.

मास्तर म्हणजे एक्याऐंशी वर्षांचे गणिताचे मास्तर. एकटे राहतात. मुलगी दूरच्या शहरात, तिचा रोज फोन. मणक्यातली नस दबलेली, पाय आतून जळतात, आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. अर्धी पिवळी, अर्धी करडी. चाळीसपर्यंतचे पाढे त्यांना उलटे येतात, पण गोळी घेतली की नाही ते घटकाभरात विसरतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका सकाळी तीन दिवसांच्या कॅप्सूल घेतल्या आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. आणि मावशी तापाने आडवी पडली होती, तेव्हा दोन दिवस एकही घेतली नाही, तर झटके येऊन मोरीच्या उंबऱ्यावर आपटले. जास्त झाली तरी घात, थांबली तरी घात. म्हणून पेटी मावशीकडे.

असं सगळं रुळावर चाललेलं असताना त्या बुधवारी सकाळी औषधवाल्याने तिला हाक मारली.

"मावशी, जरा आत या. काउंटरच्या आत."

इतक्या वर्षांत त्याने तिला कधी आत बोलावलं नव्हतं. ती आत गेली. त्याने शटर निम्मं खाली ओढलं.

"पिशवीत मास्तरांची पेटी आहे?"

"आहे की. नसेल तर मास्तर पट्टीने हातावर देतील."

तो हसला नाही. "हळू बोला. ती पिवळी-करडी यादीत गेली."

"कसल्या यादीत?"

"नशेच्या. नव्या कायद्याच्या. पोरं पाच-पाच एकदम घ्यायला लागली होती, दोन मेली, वाचलंत ना पेपरात? विधानसभेने एका बैठकीत अकरा नावं वाढवली. सातवं नाव हे. आजपासून लागू."

"म्हणजे मास्तरांना आता मिळायची नाही?"

"मिळेल. नव्या नमुन्याची चिठ्ठी पाहिजे, डॉक्टरांची सही-शिक्का, महिन्याभराच्या आतली. आणि डॉक्टर आता शनिवारीच बसतात." त्याने घसा साफ केला. "पण प्रश्न तो नाही, मावशी. प्रश्न तुमचा आहे. पेशंटच्या घरात असलं तर ते औषध. दुसऱ्याच्या पिशवीत, पाकिटाबाहेर, सुटं सापडलं, तर तो माल. थेट अटक. जामीन नाही."

"अरे, पण मी रविवारी भरली ना पेटी! रविवारी ते औषधच होतं."

"रविवारी होतं."

"माझा काय गुन्हा?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पण फाशी देताना कुणी विचारत नाही हो, की तू चोर का संन्यासी. पाकिटं आहेत ना निदान? ती दाखवता येतील."

पाकिटं सोमवारच्या गाडीतून गेली होती. तिनेच, स्वतःच्या हाताने, पिशवीचं तोंड गच्च बांधून दिली होती.

तिने नकारार्थी मान हलवली. औषधवाला शटर वर करता करता म्हणाला, "संडासात टाका आणि मोकळ्या व्हा. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

रस्त्यावर आल्यावर मावशीला पहिल्यांदा स्वतःच्या पिशवीचा आवाज ऐकू आला. खुळखुळ, खुळखुळ. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. तिने पिशवी पोटाशी दाबून धरली. दहा कॅप्सूल. बुधवार ते रविवार, पाच दिवसांच्या दोन-दोन. ती भिंतीला टेकली आणि सुनेला फोन लावला.

सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या शांतपणे बोलली, की मावशीला ओरडणं परवडलं असतं.

"आई, ते घरात आणायचं नाही."

"अगं, पण मास्तर..."

"मास्तरांना नमस्कार सांगा. घरात दोन पोरं आहेत. उद्या कुणी दारात आलं तर त्या पोरांसमोर तुम्हाला नेतील की मला नेतील, हे तुम्ही ठरवणार का? ते घरात आणायचं नाही. बस्स."

नऊ वाजून सहा मिनिटांनी ती मास्तरांच्या दारात उभी राहिली. एवढा उशीर झाल्याची तिलाच लाज वाटली.

"या, घड्याळबाई!" मास्तर कॉटवर बसून पाय चोळत होते. "सहा मिनिटं! सेल संपला वाटतं."

"सेल नाही हो, मास्तर, धीर संपला."

तिने बुधवारची सकाळ त्यांच्या हातावर ठेवली, पाणी दिलं, गिळलेलं पाहिलं, जीभ वर करायला लावून पाहिलं. मग सगळं सांगितलं. त्यांनी शिकवणीला बसल्यासारखं, मान तिरपी करून ऐकलं.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "गोळी तीच. माणूस तोच. दुखणं तेच. फक्त पिशवी बदलली की उत्तर बदलतं. असलं गणित मी मुलांना घातलं असतं तर पालकांनी मला मारलं असतं."

"तुम्हाला हसायला येतंय. मला मात्र सासरचं सोडून सरकारचं घर बघावं लागेल."

"मग पेटी इथेच ठेव."

"तुमच्याकडे? आणि तीन वर्षांपूर्वीसारखं झालं तर?"

मास्तरांनी पाय चोळायचं थांबवलं. आपण विसरतो हे त्यांना माहीत होतं, तेवढंच ते विसरत नसत. "कुलूप लाव," ते हळूच म्हणाले, आणि दोघांनाही लगेच आठवलं की ते जमायचं नाही. कुलूप दिसलं की मास्तरांना वाटे, घरात कुणीतरी शिरून आपलं काही दडवून ठेवलंय. मागच्या वर्षी ट्रंकेचं कुलूप हातोडीने फोडताना त्यांनी अंगठा चेचून घेतला होता. तेव्हापासून त्या घरात कशालाच कुलूप नव्हतं.

"कपाटावर ठेवते," मावशी म्हणाली. "तुमचा हात पोचत नाही."

"माझा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचायचा."

"आता कमरेच्या वर जात नाही. उगाच फुशारकी नको."

ती स्टुलावर चढली. पेटी कपाटाच्या माथ्यावर, भिंतीकडे सरकवून ठेवली. उतरून खालून पाहिलं. पेटीची निळी कड तेवढी दिसत होती. मग तिला सुचलं म्हणून तिने स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. दोन्ही खुर्च्याही नेल्या. दार ओढून कडी घातली. तेहतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, एवढं तर सुचणारच.

"कैद्याला तरी बसायला स्टूल देतात," मास्तर म्हणाले.

"संध्याकाळी आठला येते. तोवर कपाटाकडे बघू पण नका."

"कोणत्या कपाटाकडे?" ते म्हणाले. हा विनोद होता की नाही, ते तिला जिना उतरतानाही कळलं नाही.

पुलावर नाकाबंदी होती. सकाळी येताना नव्हती. दोन्ही बाजूंना लोखंडी अडथळे, मधे टेबल, टेबलाशी दोन हवालदार. दुचाकीवरची पोरं उतरवून खिसे रिकामे करायला लावत होते. तिच्याजवळ आता काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने पिशवी पोटाशी दाबून धरली. तेवढ्यात टेबलापलीकडचा हवालदार म्हणाला, "मावशी, इकडे. पिशवी पोटाशी एवढी घट्ट का धरलीय? सोनं आहे?"

"गोळ्या आहेत. म्हाताऱ्यांच्या."

"कसल्या गोळ्या?" त्याचा आवाज बदलला.

सहा पेट्या टेबलावर आल्या. त्याने एकेक झाकण अंगठ्याने उघडलं. पांढऱ्या, गुलाबी, लांबट, गोल. टेबलावर काच ठेवून खाली एक रंगीत कागद सरकवलेला होता. त्यावर गोळ्यांचे फोटो. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी, अर्धी पिवळी, अर्धी करडी. कागदावर ती अंगठ्याएवढी मोठी दिसत होती. मावशीने नजर उचलून नदीकडे केली.

"ही?"

"रक्तदाबाची."

"ही?"

"साखरेची. ती पोट साफ व्हायची. पाहिजे तर एक घ्या."

दुसरा हवालदार हसला. पहिल्यालाही हसू आलं. "जा, मावशी. पण सुट्या गोळ्या घेऊन फिरू नका. दिवस वाईट आहेत." आणि टेबलाच्या त्या टोकाला राहिलेली एक पेटी त्याने हातातल्या काठीने, टोक मागे अडकवून, सहज आपल्याकडे ओढली आणि तिच्या हातात दिली.

मावशी ती पेटी हातात धरून उभीच राहिली.

काठी.

मास्तरांची काठी. कॉटच्या उशाशी, भिंतीला टेकवलेली, वाकड्या मुठीची. स्टूल नेलं, खुर्च्या नेल्या, आणि काठी तिथेच ठेवली!

"काय झालं, मावशी?"

"विसरले. काहीतरी विसरले मी."

ती मागे वळली. चौसष्ट वर्षांची बाई पळत नाही. पोलिसांसमोर तर नाहीच. ती शक्य तितकं भरभर चालली, कोपरा वळला, आणि मग पळाली. बेकरीवाल्याने दारातून पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दहाला दहा कमी असताना मावशी उलट्या दिशेने, आणि पळत! त्याने मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून पाहिलं.

मास्तरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच तिच्या चपलेखाली काहीतरी कुडकन मोडलं. पेटीचं झाकण. सोमवारचं.

कपाटाच्या पायाशी पेटी उलटी पडली होती. काठी आडवी. मास्तर कॉटच्या कडेला बसले होते, मूठ मांडीवर मिटलेली.

"कोण?" ते म्हणाले.

"मी. मास्तर, मूठ उघडा."

"तू आज आलीच नाहीस." त्यांचा आवाज रुसलेल्या मुलासारखा होता. "नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. पाय जळतायत माझे. म्हटलं, तू विसरलीस. मग मीच घेतो."

जीभ वर करून पाहिली होती तिने. त्यांच्याशी भांडली होती, हसली होती. त्यातलं काहीही त्यांच्याकडे उरलेलं नव्हतं.

"घेतलीत का? मास्तर, माझ्याकडे बघा. किती घेतल्यात?"

"आठवत नाही."

तिने एकेक बोट उघडलं. तीन. तळव्याच्या घामाने पिवळा रंग सुटलेला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर हात फिरवायला लागली. कपाटाखाली दोन. काठीजवळ एक. कॉटच्या पायाशी एक, दाराकडे घरंगळलेली एक. आठ. नऊ असायला हव्यात. दहातली एक सकाळी दिली, नऊ उरायला हव्यात. तिने पुन्हा मोजल्या. आठ. चादर झटकली. आठ. एक जास्तीची पोटात गेली तर काय होईल, ते ती वॉर्डात बघून चुकली होती. आणि डॉक्टर विचारणार, कुणी दिली? कुणाची पेटी? तिने मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तोंड उघडायला लावलं, बोट घालून गालाच्या आतून फिरवलं. काही नाही.

"बाई, दात माझेच आहेत," मास्तर म्हणाले. "कवळी शोधू नकोस."

नववी त्यांच्या सदऱ्याच्या दुमडलेल्या बाहीत होती. हात खाली घेताना ती टप्पकन फरशीवर पडली. मावशी तिथेच खाली बसली. नऊ, नऊ, नऊ, असं ती स्वतःशीच पुटपुटत राहिली.

मास्तरांना काय घडतंय ते कळत नव्हतं, पण कुणीतरी घाबरलंय एवढं कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं तर चुकलं," ते म्हणाले. "परत सोडव. पहिल्या पायरीपासून."

पहिल्या पायरीपासून. तिने नऊच्या नऊ कॅप्सूल रुमालाने पुसल्या, मोडक्या पेटीत ज्याच्या त्याच्या कप्प्यात घातल्या, वरून रबर लावलं, आणि पेटी पिशवीत ठेवली. आपल्या पिशवीत. आपण काय करतोय हे तिला व्यवस्थित माहीत होतं.

पुलावर पुन्हा तोच हवालदार. ती दहा पावलांवर असताना तिच्या लक्षात आलं, की पिशवी पुन्हा पोटाशी गेलीय. तिने हात सैल सोडला. पिशवी मांडीवर आपटली. खुळखुळ.

"अहो मावशी, परत? सापडलं का विसरलेलं?"

"सापडलं."

"जा, जा. तुमची बघितली मघाशी." आणि ती पुढे गेल्यावर मागून म्हणाला, "सहाला आमची पाळी बदलते बरं का. संध्याकाळी साहेब स्वतः असतात. ते डबीन् डबी उघडतात. तेव्हा हे सगळं घरी ठेवून या."

घरी आल्यावर तिने पेटी स्वतःच्या कपड्यांच्या घडीत ठेवली. संध्याकाळी सून कामावरून आली, पोरं आली, चहा झाला.

"टाकलंत ना ते?" सुनेने विचारलं.

"टाकलं."

सात वाजता ती आरशासमोर उभी होती. मास्तरांची पेटी नेणार नव्हती, एकच कॅप्सूल न्यायची होती, बुधवारची संध्याकाळ. ती तिने चष्म्याच्या घरात, पुसायच्या फडक्याखाली ठेवली होती. आणि आता पिशवी खांद्याला लावून ती चालून बघत होती. दारापर्यंत, परत आरशापर्यंत. हात सैल. मान सरळ. चेहरा असा, की आपण रक्तदाबाची गोळी देऊन परत येणार आहोत.

"बाजाराला निघाल्यासारख्या काय पिशवी झुलवताय?" सून दारात उभी होती.

मावशी थांबली. पिशवी मात्र झुलत राहिली. चष्म्याच्या घरातून बारीक आवाज आला. टिक, टिक.

सुनेने पुढे होऊन पिशवीत हात घातला. चष्म्याचं घर उघडलं. फडकं उचललं. ती एवढीशी पिवळी-करडी वस्तू तिने दोन बोटांत उचलली. बाहेरच्या खोलीत पोरं भांडत होती.

"बाकीच्या?"

"माझ्या कपड्यांत."

"म्हणजे घरात."

"शनिवारपर्यंत, गं. शनिवारी चिठ्ठी मिळेल, पाकीट मिळेल. तोवर सात फेऱ्या. फक्त सात." मग तिचा आवाज फुटला. "ते मला म्हणाले, तू आज आलीच नाहीस."

सून वळून कपाटाशी गेली. मावशीला वाटलं, संपलं, आता ही मोरीत टाकणार. पण सुनेने कापसाची गुंडाळी काढली, चिमूटभर कापूस तोडला, कॅप्सूल त्यात लपेटली आणि पुन्हा फडक्याखाली दाबून बसवली. पहिल्यांदा कापूस सुटला, म्हणून दोनदा करावं लागलं. चष्म्याचं घर कानाशी धरून तिने हलवून पाहिलं.

आवाज आला नाही.

"किती वाजता परत याल?" तिने विचारलं.

"नेहमीसारखी. आठ चाळीसला."

"आणि आठ पंचेचाळीस झाले तर? मी कुणाला फोन करायचा? काय सांगायचं? मला माहीत होतं म्हणायचं, की माहीत नव्हतं?"

मावशीने तिच्या हातातलं चष्म्याचं घर घेऊन पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि चपला घातल्या. खिडकीतून पूल दिसत होता. टेबलाशी आता दिवा लावला होता, आणि रांग सकाळपेक्षा मोठी होती.

"हात सैल ठेवा," सून मागून म्हणाली.